मामे, लेव्हल एकसष्ट

मुरोरानमध्ये, पोलाद कारखान्याच्या उतारावर
त्सुकादाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे.
लग्नात मिळालेले, कधीच न उघडलेले कपांचे सेट,
गाव सोडून गेलेल्यांच्या इस्त्र्या,
आणि गल्ल्याशेजारी बिस्किटाच्या डब्यात कार्ट्रिज.
कुठलंही उचला, तीनशे येन.

माझं आईनं टाकलं होतं, घर बदलताना.
मी सतराची. "आता काय कुक्कुलं बाळ आहेस?"
मला ते पटलंही होतं तेव्हा.

आता एकोणचाळीस. रात्रपाळी, तिसरा मजला, म्हाताऱ्यांचा वॉर्ड.
राखाडी यंत्रात चार सेल घातले.
वाटलं, कोरं असेल.
आत कुणीतरी राहत होतं.

नाव: तेप्पेइ.
खेळलेला वेळ: एकशे बारा तास, सात मिनिटं.
शेवटच्या गुहेबाहेर गवतात उभा,
तोंड कड्याकडे,
जेवायला हाक आली असावी
आणि तो "आलोच" म्हणाला असावा.

या खेळात दोन बिऱ्हाडं मावत नाहीत.
सेव्हची खोली एकच.
माझा डाव मांडायचा
तर याचं सामान रस्त्यावर.
बोट "नवा खेळ"वर गेलं, तिथंच घुटमळलं.
मग म्हटलं, बघू तरी, कोणकोण पाळलंय.

पाच राक्षस. दात, पंख, शेपट्या, नव्वदीच्या घरातले.
आणि त्यांच्याही आधी, पहिल्या जागेवर
हरभऱ्याएवढं काहीतरी, दोन ठिपक्यांचे डोळे.
मामे. म्हणजे दाणा.
हा प्राणी सोळाव्या लेव्हलला मोठा होतो,
आमच्या वर्गात पोरापोराला पाठ होतं ते.
मामे एकसष्टवर आहे.

मी हिशेब केला, औषधांच्या तक्त्यामागे, पेन्सिलीनं.
सेहेचाळीस वेळा स्क्रीन थबकली असेल,
ते सूर सुरू झाले असतील,
मामेचं अंग पांढरं होऊन लुकलुकायला लागलं असेल,
आणि सेहेचाळीस वेळा कुणा मुलानं
बी दाबलं असेल.
नको. राहू दे.

ओरिकासा, माझ्या पाळीतली, म्हणते,
नव्या खेळांत गवतावर वारा दिसतो,
डोंगरामागं ऊन कलतं.
तुझ्या या चार हिरव्या छटांत काय पुरलंय?
मला उत्तर सुचत नाही.
एका पावलानं काही होत नाही, दुसऱ्यानंही नाही,
आणि तिसरं टाकताना
श्वास आपोआप धरला जातो.
एवढंच सांगता आलं असतं.
तिला ते पुरलं नसतं.

नागुमोबाईंना मात्र दाखवलं. ब्याण्णव वर्षांच्या, झोप नाही.
बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.
"खातो काय हा?"
"लढाया," मी म्हटलं.
"तरीच हाडकुळा."

त्सुकादा म्हणतो, आत बटणाएवढी बॅटरी आहे,
तिच्या जिवावर सगळी आठवण.
तीस वर्षं होत आली. आज जाईल, पाच वर्षांनी जाईल.
बदलून देतो, पण सोल्डरिंग करताना
पोरगा आत राहीलच, असं नाही.
मी कार्ट्रिज परत खिशात घातलं.

काल रात्री पावणेचार, चादरींच्या खोलीत, पालथ्या बादलीवर बसून
मामेनं एक भलामोठा दगडी प्राणी लोळवला.
बासष्ट.
स्क्रीन थबकली. सूर सुरू झाले.
मी ठरवलं वगैरे काही नव्हतं.
अंगठा आधीच बीवर होता.

मग त्याला चालवत परत नेलं
गुहेबाहेर, त्याच गवतात,
तोंड कड्याकडे केलं.
सेव्ह.
तेवढ्यात नागुमोबाईंची बेल वाजली.
आलेच, म्हटलं.